शेवटच्या रांगेतली मावशी

"मुलं तयार आहेत ना, काकू?" दारातल्या मुलीनं विचारलं, आणि थोरलीनं दोन्ही हात चौकटीला असे टेकवले, की जणू बाहेर पूर आलाय आणि घर तिनंच अडवून धरलंय!

त्या मुलीच्या गळ्यात फोटोचं कार्ड होतं, हातात पुठ्ठ्याला अडकवलेला फॉर्म, आणि चेहऱ्यावर इस्त्री केलेलं हसू. लहान मुलांना विमानानं एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊन पोचवायचं, हाच तिचा धंदा. मुलांना आता कायमचं आपल्याकडे न्यायला तिला ठरवलं होतं धाकटीनं. धाकटी म्हणजे थोरलीची पाठची बहीण, चार तासांच्या विमानप्रवासावर एका मोठ्या इस्पितळात नर्स, आणि आत उलटसुलट बूट घालून बॅगेवर बसलेल्या दोन मुलांची आई.

"मुलं तयार आहेत," थोरली म्हणाली. "मीही तयार आहे."

"तुम्ही?" कार्डवालीनं फॉर्म चाळला. "माझ्याकडे दोनच नावं आहेत. मुलगी वय सहा, मुलगा वय चार."

"तुझ्याकडे असतील दोन. विमान काय तुझ्या फॉर्मवर उडतं? माझं तिकीट मी काढलंय, याच विमानाचं. शेवटची रांग मिळाली, तीही चालेल. तुझ्या कामात मधे येणार नाही, हूं की चूं करणार नाही. पण पोरं म्हणजे पार्सल नव्हेत गं, सही केली आणि दारातून उचलली!"

कार्डवाली गोंधळली. तिच्या नियमांत रडणारी मुलं होती, उलटी करणारी मुलं होती, दार अडवणारी मावशी नव्हती. तिनं तिथूनच धाकटीला फोन लावला आणि थोरलीच्या हाती दिला.

"ताई, तमाशा करू नकोस," पलीकडून आवाज आला. दीड वर्षानंतर बहिणीनं तिला 'ताई' म्हटलं होतं, तेही असं! "तू विमान आतून कधी पाहिलंयस तरी का? मुलांना सांभाळशील की स्वतःला?"

थोरलीनं विमान आतून पाहिलं नव्हतं, खरंच होतं. पण बावीस वर्षं कारखान्यात विमानांच्या खुर्च्यांच्या खोळी तिच्याच मशीनखालून गेल्या होत्या, आणि त्याच खोळींवर धाकटीचं नर्सिंगचं शिक्षण उभं राहिलं होतं... आईवडील गेले तेव्हा थोरली सोळाची होती. तिनं पुस्तकं मिटली, मशीन उघडलं. पुढे दोन स्थळं दारात येऊन परत गेली, कारण "आधी हिचं होऊ दे" हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. आणि हिचं झालं ते असं, की मुलगा, ढब्बू, पोटात असतानाच नवरा घर सोडून गेला. आणि ढब्बू आठ महिन्यांचा झाला, तेव्हा दूरच्या इस्पितळातली नोकरी चालून आली. "तू जा. पोरं माझ्यापाशी," थोरलीच म्हणाली होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं!



"मी मुलांना तुझ्या हातात देईन," ती फोनवर इतकंच म्हणाली, "आणि संध्याकाळच्या विमानानं परत येईन. परतीचंही तिकीट काढलंय. तुझ्या घरचं पाणी प्यायला येत नाहीये मी!"

पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे. दारापर्यंत ये. मुलांना दोन आयांमध्ये ओढायचं नाहीये मला."

ते वाक्य जुन्या जखमेवर नेमकं बसलं. दीड वर्षापूर्वी धाकटी सुट्टीवर आली होती. हात पसरून पुढे झाली, तर अडीच वर्षांचा ढब्बू थोरलीच्या मागे लपला आणि थोरलीचाच कोट ओढत ओरडला, "आई, ही बाई कोण?" त्या दुपारी धाकटी जे बोलली, ते थोरलीच्या कानांत शिलाईसारखं बसलं होतं, उसवू म्हटलं तरी उसवत नव्हतं : "तुला स्वतःचा संसार करता आला नाही, म्हणून माझा पळवलास, ताई!"

धाकटी गेल्यावर थोरलीनं एक नियम केला, आणि नियम तसा सोपा होता. कुणी 'आई' म्हणून हाक मारली तर वळायचं नाही.

हे लिहायला एक ओळ लागते. जगायला दीड वर्ष लागलं. ढब्बू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून "आई, आई, आई" करत राही आणि ती पाठमोरी भांडी घाशीत राही, जे भांडं घासून झालं तेच पुन्हा घाशीत राही, जोवर तो कंटाळून "मावशी" म्हणत नाही तोवर. मग अशी वळे, की साबणाच्या हातांनीच त्याला छातीशी धरे! रोज सकाळी भिंतीवरच्या फोटोपुढे दोघांना उभं करी. "ही कोण?" "आई." "आईच्या हनुवटीवर काय?" "तीळ." "आई काय करते?" "आजारी माणसांना बरं करते." "आणि मी कोण?" "मावशी!" एकदा ढब्बू जिन्यावरून पडला. गुडघा फुटला, रक्त मोज्यापर्यंत आलं, आणि तो टाहो फोडून एकच शब्द ओरडत होता... तोच, नको असलेला! थोरली दारात उभी होती. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून, ओठ दातांखाली रक्ताळेपर्यंत दाबून, ती उभी राहिली. कोणती आई असं करील? कोणतीही नाही. म्हणून तर ती मावशी होती!

आणि यातलं एक अक्षरही धाकटीला कळवायचं नाही, हेही तिनं ठरवलं होतं. सांगून मिळालेली माफी तिला नको होती.

*

विमानतळावर थोरलीनं दिलेला शब्द पाळला. दहा पावलं मागे राहिली. कार्डवाली दोन्ही मुलांचे हात धरून पुढे, आणि मुलं माना मोडेस्तोवर मागे वळून बघताहेत. मोठी मुलगी मोठी चौकस. प्रत्येक गोष्टीचा निवाडा करायची, म्हणून घरात तिचं नाव 'वकील'. तिनं कार्डवालीला बजावलं, "मावशी पण आपल्यातच आहे, फक्त लांबून."

तपासणीच्या पट्ट्यावर ढब्बूनं स्वतःच चढायचा प्रयत्न केला. बूट काढायला सांगितले तेव्हा उलटे घातलेले बूट सगळ्यांना दिसले आणि त्याला त्याचा अपमान वाटला. थोरली मागून नुसती बघत होती, आणि तिचे हात खिशांत नुसते शिवशिवत होते.

विमानात कार्डवाली आणि मुलं सातव्या रांगेत बसली, थोरली पार शेवटी, भिंतीला टेकून. बसल्याबरोबर तिनं सवयीनं हात फिरवला. निळं कापड, त्यावर पांढरे ठिपके. ओळखीचं! याच कापडाच्या कात्रणांची रजई ढब्बू रात्री नाकापर्यंत ओढून घेत असे. बावीस वर्षं कापड मांडीवर वागवलं. आज पहिल्यांदा त्यानं तिला मांडीवर घेतलं होतं. तिला हसू आलं.

आणि तेवढ्यात सातव्या रांगेतून किंकाळी आली.

ढब्बूला पट्टा बांधायचा नव्हता. तो पाठीची कमान करून ताठ झाला होता, खुर्चीवरून घसरून खाली जात होता आणि पुन्हा उचलला की पुन्हा घसरत होता. कार्डवालीनं आधी खेळणं दाखवलं, मग गोळी, मग चित्रांचं पुस्तक. ते पुस्तक दोन रांगा पुढच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन पडलं. हवाईसुंदरी आली, दुसरी आली. विमान जागच्या जागी थांबून राहिलं. "मुलाला पट्टा लागल्याशिवाय आपण निघू शकत नाही," घोषणा झाली, आणि सगळ्या विमानानं एकदम सुस्कारा टाकला.

"आईऽऽ! आईऽऽ!"

थोरलीनं डोळे मिटले. हातांनी खुर्चीचे दांडे धरले. वळायचं नाही... हूं की चूं करायचं नाही... आज तर नाहीच! चार तासांनी ज्या नावावरचा हक्क कायमचा सोडायचा, त्या नावाला आता ओ द्यायची?

"अहो, उतरवा ना यांना खाली!" कोटातला एक गृहस्थ उभा राहिला. "मला मीटिंग आहे. या पोराची आई आहे कुठे? जन्माला घालायचं आणि द्यायचं भाड्याच्या बाईबरोबर सोडून! आई म्हणवून घ्यायची लायकी तरी..."

"आईऽऽ..." ढब्बूचा आवाज फाटला. मग एक हुंदका, आणि मग अगदी बारीक, हरल्यासारखं, "...मावशी!"

थोरली उठली.

"बाई, बसून घ्या, पट्ट्याचा दिवा लागलाय," मागची हवाईसुंदरी म्हणाली.

"दिवा लागलाय तर विझवा," थोरली म्हणाली, आणि चालू लागली. तेवीस रांगा. माणसं माना वर करून बघत होती. ती कोटवाल्यापाशी थांबली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. ज्यांना तिची ओळख होती, ते अशा आवाजाला घाबरत.

"या पोराची आई इस्पितळात आहे. आजारी नाही, आजाऱ्यांची चाकरी करतेय. उद्या तुम्ही आडवे झालात ना साहेब, तर तुमच्या तोंडात पाण्याचा चमचा धरणारी अशीच कुणाची तरी आई असेल, स्वतःचं पोर चार तासांवर ठेवून आलेली. माझ्याबद्दल काय हवं ते बोला. तिच्याबद्दल एक शब्द बोललात, तर मीटिंगला जाल ते माझं ऐकूनच जाल! बसा."

तो बसला. का बसला ते त्यालाही कळलं नसावं.

थोरली सातव्या रांगेत वाकली. ढब्बूला हातही लावला नाही. त्याच्या खुर्चीच्या पाठीमागे हात घातला, चिकटपट्टी सवयीच्या हिसक्यानं सोडवली आणि खोळीचा डावा कोपरा बाहेर काढला. कारखान्याचा रिवाज होता; प्रत्येक बाईनं आपल्या खोळीच्या आतल्या घडीत आपली खूण शिवायची, चूक निघाली तर कुणाची ते कळावं म्हणून. थोरलीची खूण तीन टाके पुढे, एक मागे.

घडीत खूण होती. फुलीची.

फुली म्हणजे शेजारच्या मशीनवाली! खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून अकरा वर्षं जिच्याशी भांडण चाललं होतं, ती. आणि शिवणही नेहमीसारखीच तिरकी! दुसरा कुठलाही दिवस असता, तर थोरलीनं ती जगाला बोलावून दाखवली असती. आज तिनं त्या तिरक्या शिवणीवर बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरीच्या कामाला आपलं म्हटलं.

"ढब्बू, हे बघ. ही खुर्ची मी शिवलीय."

रडणं अर्ध्यात थांबलं. "तू?"

"मी. तुझ्या रजईचं कापड ना हे? बघ, ठिपके मोज."

"म्हणजे ही आपली खुर्ची?"

"आपलीच. पण हिला ना, उडायची फार भीती वाटते. उडताना कुणी घट्ट धरून बसलं नाही, तर थरथरते बिचारी. हा पट्टा तिचा हात आहे. तिनं तुला धरायचं, तू तिला धरायचंस. जमेल? नाही जमलं तर राहू दे, दुसऱ्या कुणाला तरी सांगू."

"मला जमतं!" ढब्बू म्हणाला, आणि नाक बाहीला पुसून त्यानं स्वतःच पट्टा खटकन लावला. मग खुर्चीच्या दांड्यावर थोपटलं. "भिऊ नको हं."

दोन रांगांमागे कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली. हवाईसुंदरी म्हणाली, "बाई, आता आपल्या जागेवर..." पण ढब्बूनं दुसऱ्या हातानं मावशीची बाही धरून ठेवली होती. कार्डवाली उठली. गळ्यातलं कार्ड सरळ केलं.

"काकू, तुम्ही बसा इथे. मी जाते शेवटच्या रांगेत."

"तुझा नियम मोडेल गं."

"मोडू दे," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिचं हसू बिनइस्त्रीचं होतं.

चार तास! दोन्ही बाजूंना दोन डोकी, बाहीवर लाळेचा ओला डाग, कान दुखू नयेत म्हणून चघळायला दिलेल्या गोळ्यांचा तोंडाला येणारा गोड वास... थोरलीनं ते सगळं सावकाश, टाक्या टाक्यानं मनात शिवून घेतलं. रडली मात्र नाही. रडणं परतीच्या विमानासाठी राखून ठेवलं होतं.

*

बाहेर येण्याच्या दारापाशी, कठड्यापलीकडे, धाकटी उभी होती. कामावरून तशीच आलेली, पायांत इस्पितळातले पांढरे बूट. वाळली होती. थोरलीच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही जेवत नाही. मग आठवलं, की ते विचारायचा हक्क आता आपला नाही.

ती मागेच थांबली. कार्डवाली मुलांना घेऊन पुढे झाली.

"आई!" वकील धावली. आणि ढब्बू थबकला. धाकटीचे पसरलेले हात हवेतच राहिले. दीड वर्षापूर्वीची ती दुपार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली... पण ढब्बू लपला नाही. तो जवळ गेला, तिची हनुवटी धरून तिरकी केली, तीळ तपासला, आणि म्हणाला, "हां. आई. तू आजारी माणसांना बरं करतेस."

धाकटीनं त्याला असं कवटाळलं, की त्याचा एक बूट पायातून निसटून पडला! डोळे उघडले तेव्हा तिची नजर थोरलीवर गेली. त्या नजरेत आश्चर्य होतं, विजय होता, आणि कुठेतरी शंकाही होती.

थोरलीनं मान हलवली. झालं. काम सुबक झालं, तिरकी शिवण नाही, सुटलेला धागा नाही! ती वळली आणि परतीच्या दाराकडे चालू लागली. पाठ ताठ, मान ताठ. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई काहीतरी जिंकून चाललीय.

"आईऽऽ!"

ढब्बूचाच आवाज. तिच्याच पाठीवर आदळलेला. तिचं पाऊल एक क्षण अडलं... आणि पुढे पडलं. वळली नाही.

"आईऽऽ! कुठे चाललीस?"

"बघ!" धाकटीचा आवाज कापला. "अजून तुलाच आई म्हणतो! आणि तू? तू वळूनही बघत नाहीस, ताई? एवढी दगड झालीस?"

"ती नाही वळणार," वकील समजुतीच्या सुरात म्हणाली. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं तशी ती हात मागे बांधून उभी होती. "आई म्हटलं की ती वळतच नाही. मावशी म्हणावं लागतं. हा जिन्यावरून पडला ना, हे बघ, गुडघा, तेव्हापण नाही आली. दारात उभी राहून रडत होती, पण आली नाही. मावशी म्हटल्यावर धावत आली. आणि म्हणाली, आई एकच असते आणि ती फोटोत आहे. मी विचारलं, मग तू का रडतेस? तर म्हणाली, साबण गेला डोळ्यात. जिन्यात कुठे असतो साबण?"

धाकटीनं ढब्बूचा गुडघा पाहिला. नर्सच ती, जखमेचा व्रण किती जुना, ती कुणी बांधली, किती मायेनं बांधली, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. मग तिनं त्या ताठ, दूर जाणाऱ्या पाठीकडे पाहिलं, आणि त्या पाठीला किती बळ लागत असेल ते एका क्षणात तिच्या अंतःकरणात उतरलं!

"ताई!" पांढरे बूट फरशीवर करकरत धावले. धाकटीनं तिला दारातच गाठलं, दंडाला धरलं. "ताई, सांगितलं का नाहीस गं मला?"

"काय सांगायचं? की तुझं पोर चोरलं नाही? चोर सांगतात असं." थोरलीनं दंड सोडवला. "सोड. माझं विमान आहे."

"संध्याकाळी आहे ते."

"मग संध्याकाळपर्यंत बाकावर बसेन. तुझ्या दयेवर राहायला नाही आले मी!"

"दया?" धाकटी रडत होती आणि चिडतही होती, लहानपणी चिडायची अगदी तशीच. "दया तुझ्यावर कोण करील! उद्या सकाळी सातला मी कामावर आहे. या दोघांना काय इस्पितळातल्या कपाटात ठेवू? मी चुकले, ताई. वाट्टेल ते बोल, एक ठेवून दे हवं तर. पण मला एकटीला जमत नाही गं... कधीच जमलं नव्हतं!"

थोरली काही म्हणणार, तोच मागून पुन्हा आवाज आला. एका बुटावर लंगडत येणारा, रडवेला.

"आईऽऽ!"

थोरलीची पाठ सवयीनं ताठ झाली. "तुला हाक मारतोय," ती कुजबुजली. "वळ."

"तुला मारतोय. तू वळ."

"दीड वर्ष नाही वळले मी..."

"मी सांगते ना! त्याची आई सांगतेय, वळ गं!"

आणि थोरली वळली. दीड वर्षाचं साठलेलं वळणं एकदमच वळावं तशी वळली, फरशीवर गुडघे टेकले आणि ओ दिली. शब्द नीट उमटलाच नाही. पण ढब्बूला तो कळला आणि तो येऊन तिच्यावर आदळला. धाकटी शेजारीच बसली होती, त्याचा सुटलेला बूट हातात घेऊन, आणि त्याच्या पायाला लावताना तिचे अश्रू त्या बुटातच पडत होते.

कार्डवाली खाकरली. तिचेही डोळे ओले होते, पण फॉर्म तो फॉर्म. "मुलं मिळाल्याची सही लागेल. आईची."

धाकटीनं सही केली. मग पेन थोरलीकडे सरकवलं.

"एकच जागा आहे, मॅडम," कार्डवाली म्हणाली.

"समास आहे ना? त्यात करील."

थोरलीनं डोळे पुसले, पेन घेतलं आणि समासात आपली खूण ओढली. तीन रेघा पुढे, एक मागे. या वेळी तिची स्वतःची.

"आणि परतीचं तिकीट?" धाकटीनं भीतभीत विचारलं.

"मरू दे," थोरली उठत म्हणाली. "पुन्हा शेवटचीच रांग होती. तिथल्या खुर्चीची पाठ मागे जात नाही." मग तिनं बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चल घरी. जेवतेस का नाही गं तू?"